उन्हाळी शिबिरातली 'ताई'

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात मुलांच्या साहस शिबिरात स्टाफ म्हणून जायचं म्हणते. मानधन अगदीच तुटपुंजं. तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा इंटर्नशिप कर. या कामाला पुढे काही किंमत असते का? यात करिअर होतं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : मानधनाचं सोडा. राहणं-जेवण आयोजकांकडे आणि वर थोडे पैसे, अशीच बहुतेक ठिकाणी रीत आहे. तिला नेमकं काय काम देणार आहेत, ते आधी विचारा.

जाहिरातीत रॅपलिंगचे (दोरावरून कडा उतरण्याचे) आणि व्हॅली क्रॉसिंगचे (दोरावरून दरी ओलांडण्याचे) फोटो असतात. पहिल्याच सीझनला नवख्या मुलीच्या हाती दोर देत नाहीत, देऊही नये. तिच्या वाट्याला येतो दहा-बारा मुलांचा गट. बसमध्ये ओकणारं एक, ताटातली भाजी गुपचूप शेजाऱ्याला सरकवणारं एक, आणि पहिल्या रात्री दीड वाजता 'मला घरी जायचंय' म्हणून तंबूत हुंदके देणारं नऊ वर्षांचं एक. बाकीच्यांनी सूर धरायच्या आत त्याला बाहेर आणायचं, पाणी पाजायचं, गप्पांत गुंतवून परत झोपवायचं. आणि साडेपाचला हसतमुखाने सगळ्यांना उठवायचं. मेमध्ये कातळ लवकर तापतो, म्हणून दोराचे प्रकार सकाळीच उरकतात. खरी कसोटी दुपारी, झाडाखाली कंटाळलेली पोरं सांभाळताना. संध्याकाळी वळीव आला की सगळ्यांना निवाऱ्याला आणून पुन्हा डोकी मोजायची.

हे तिला जमलं आणि आवडलं, तर शिक्षण, समुपदेशन, समाजकार्य यांपैकी कशातही तो अनुभव कामी येईल. मुलाखतीत तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्री इंटर्नशिपपेक्षा मी याला वरचढ मानतो. मात्र तिला संशोधनाकडे वळायचं असेल आणि चांगल्या प्रयोगशाळेत उमेदवारीची संधी हाताशी असेल, तर बाबांचं ऐका.

करिअर म्हणाल, तर नुसत्या शिबिरांवर ते उभं राहत नाही. इन्स्ट्रक्टर व्हायचं तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा 1954 पासूनची दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था, अशा ठिकाणी बेसिक कोर्स करावा लागतो. तो साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात 'ए' श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यापुढे शिकवायचं कसं हे शिकवणारा 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन'. जागा लवकर भरतात, त्यामुळे ऐनवेळी धावपळ करून उपयोग नाही. जोडीला प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण हवंच. एवढं करूनही काम हंगामीच. उन्हाळी सुट्टी, मग पावसाळी ट्रेक, मग थंडीतल्या शाळांच्या सहली. मधल्या महिन्यांसाठी दुसरं उत्पन्न लागतं, म्हणून पदवी अर्धवट सोडायचा विषय घरात निघूच देऊ नका.

होकार देण्याआधी आयोजकांना फोन तिने करावा, तुम्ही शेजारी बसा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी आहे का? मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का? रात्री शिबिरावर गाडी उभी असते का, आणि जवळचं रुग्णालय किती लांब? मुलांसोबत स्टाफचाही विमा आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक हमखास विसरतात. 'होऊन जाईल हो, काळजी करू नका' असं उत्तर आलं, तर दुसरं शिबिर शोधा. शोधलं की मिळतं.

आणि परीक्षेचं वेळापत्रक. सेमिस्टरचे पेपर मेपर्यंत लांबले, तर ते नेमके शिबिरावर येतात. ही शक्यता आयोजकांना आत्ताच लेखी कळवू द्या आणि महिनाभराऐवजी उशिराची एखादीच बॅच मागून घ्या. मध्येच निघून आली तर तिचा गट दुसऱ्या ताईच्या गळ्यात पडतो, आणि पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.