उत्तर: आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, पण तुरुंगाच्या नोंदीत नाव सापडत नाही

तुमची पोस्ट वाचली. पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या या सत्याग्रहात आजोबा गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगात होते असं घरात सगळे सांगतात आणि नोंद काही मिळत नाही. आमच्याकडेही अगदी हेच झालं, म्हणून लिहितोय.

आधी एक पक्कं करा. त्यांच्यावर खटला चालला होता, की मारून हद्दीबाहेर सोडलं होतं? ना. ग. गोरे, मधु लिमये या समाजवादी नेत्यांना पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने लांब शिक्षा दिल्या. लिमयांना तर १२ वर्षांची. पण सत्याग्रहींच्या तुकड्यांतल्या पुष्कळशा माणसांना पोर्तुगीज पोलीस बेदम झोडपून परत हद्दीवर आणून टाकत. खटलाच नाही, मग तुरुंगाच्या वहीत नाव येणार कुठून?

आमची चूक हीच. आजीच्या सांगण्यावरून मी पेन्शनच्या अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात ‘आग्वाद तुरुंग’ लिहून दिलं. एका कार्यालयाने तुरुंगाचा दाखला मागितला. तो नव्हताच. चौदा महिने दर खेपेला नवा माणूस, तेच उत्तर. पुढे जुन्या वर्तमानपत्रात तुकडीची यादी सापडली: हद्दीवरच्या पत्रादेवीकडून गोव्यात गेले, मारहाण झाली, अलीकडे बांद्याला परत आणले. पण आता माझंच प्रतिज्ञापत्र त्या बातमीच्या विरोधात उभं राहिलं. फाइल बंद झाली. आजी वाट बघत गेली. त्या टेबलावर कुणीतरी एकदा तरी ‘तुरुंगात नसतील, हद्दीवर सोडलं असेल’ एवढं सुचवायला हवं होतं. हे आठवलं की आजही संताप येतो.

माझं मत सांगतो: तुरुंगाआधी तुकडी शोधा. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती होती, तिच्याशी संबंधित कागद आणि ‘केसरी’चे १९५५ चे अंक चाळा. तारीखही ताडून बघा. १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर थोड्याच दिवसांत भारत सरकारने सामूहिक सत्याग्रह थांबवला. घरात कुणी ‘डिसेंबरात गेले’ म्हणत असेल तर आधी तेच तपासा.

आणि खटला खरंच झाला असेल तर नावाची स्पेलिंग सोडू नका. पोर्तुगीज लेखनात ‘क’ला बहुधा सी किंवा क्यू लागतो, ‘श’ला एक्स. कुलकर्णी सी अक्षराखाली, शिंदे एक्सखाली बघा. कागद पणजीच्या पुराभिलेखागारात असू शकतात. पीडे या पोर्तुगीजांच्या गुप्त पोलिसांचं दप्तर लिस्बनला तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

मी वकील नाही आणि पेन्शनचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी जाणकाराला विचाराच. पण नोंद सापडेपर्यंत प्रतिज्ञापत्रात ऐकीव गोष्ट लिहू नका.

आजोबा कुठल्या गावातून, कुठल्या महिन्यात निघाले ते कळवा. माझ्याकडे मे ते ऑगस्टची काही कात्रणं आहेत, त्यांत बघतो.