सीटी स्कॅन नॉर्मल, मग डोकं दुखतं कशानं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सोलापूरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं, वय ३१, महिन्यातून दहा-बारा दिवस उजवं कानशील ठणकतं. उजेड नको होतो, आवाज नको होतो, उलटी झाली की उतरतं. चष्म्याचा नंबर तपासला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, आणि सासरी आता "पित्त आहे, नाहीतर मनाचं आहे" असं चाललंय. मेडिकलमधून आणलेली गोळी ती जवळपास एक दिवसाआड घेते. मी डॉक्टर नाही, पण कॉलेजपासून अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, भोगतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिला एवढं सांगा की दुखणं खरं आहे. स्कॅनमध्ये मेंदूची रचना दिसते: गाठ, रक्तस्राव, सूज. मायग्रेनमध्ये रचना ठीकच असते, बिघडतं ते नसांचं काम. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, आणि एरवी जाणवणारही नाही अशा गोष्टीनं कळ उठते. जिना चढला, वाकून बादली उचलली तरी ठणका वाढतो. त्यामुळे निदान रिपोर्टवरून होत नाही, नीट विचारपूस करून होतं. ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास, आणि असे किमान पाच झटके येऊन गेलेले, असं डॉक्टर बघतात.

पित्ताचं म्हणाल तर आपल्याकडे घरोघरी हेच ऐकू येतं. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं आणि उलटी होते. उलटी हा झटक्याचाच भाग आहे, त्याचं कारण नव्हे. पोट मंदावल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी अंगी लागत नाही. दुखणं सुरू होताच घेतली तर तीच गोळी काम करते. डॉक्टर बऱ्याचदा सोबत उलटीची गोळी देतात, तीही याचसाठी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एक दिवसाआडच्या गोळीची. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. म्हणजे दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीमुळे पुन्हा दुखणं. या गोळ्या बंद केल्या की सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. त्या दिवसांत घरच्यांनी तिला स्वयंपाकातून मोकळं केलं तर फार मोठी मदत होईल.

झटक्यासाठी सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशी खास मायग्रेनची औषधं आहेत. हृदयविकार किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर ती चालत नाहीत, म्हणून कुणाची पट्टी उसनी घेऊ नये. तिच्यासारखे वारंवार झटके येत असतील तर रोजचं प्रतिबंधक औषध सुरू करतात: प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. इथंच बरेचजण मागे फिरतात. कुणीतरी सांगतं की ही बीपीची गोळी, ही डिप्रेशनची गोळी, आणि औषध आठवड्यात बंद होतं. ही औषधं मायग्रेनसाठीही वापरली जातात आणि गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, मूल हवं असेल तर टोपिरामेट आणि असंच आणखी एक प्रतिबंधक औषध, व्हालप्रोएट, टाळतात. हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तिनं आपणहून सांगावं. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील तर तेही सांगावं. अशा बायकांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आता सोलापूरचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, आणि टळटळीत ऊन हे अनेकांचं नेहमीचं निमित्त. दुसरं म्हणजे उपवास. गुरुवार धरायचा, सकाळपासून नुसत्या चहावर राहायचं, आणि दुपारी डोकं धरून बसायचं. श्रद्धा सोडायला मी सांगत नाही, पण वेळेवर खाणं, पाणी आणि झोप यांत खंड नको. मागाच्या खडखडाटात रात्रपाळी असेल तर झोपेची वेळ रोज बदलू नये. पाळीच्या आसपास झटके येतात का, हेही बघा. साध्या वहीत तारीख, किती तास दुखलं, कोणती गोळी घेतली आणि आदल्या दिवशी काय घडलं, एवढं लिहायला लावा.

काही वेळा मात्र ओपीडीची वाट बघायची नाही. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. तेव्हा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

एरवी न्यूरोलॉजिस्टकडे, नाहीतर आधी चांगल्या फिजिशियनकडे जा. वही न्या, आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही न्या, म्हणजे त्यात नेमकं काय काय होतं ते डॉक्टरांना कळेल. जमलं तर दाजींना सोबत घ्या. हा मेंदूचा आजार आहे हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की घरी तिला दार लावून, दिवा मालवून पडायला कुणी अडवणार नाही.