नंबर आहे म्हणून खुर्ची चंदीगडची होत नाही

एका व्यापाऱ्याने तुम्हाला पिएर जान्रेची ‘चंदीगड खुर्ची’ देऊ केलीय आणि पाठीवर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर आहे, एवढा पुरावा पुरे का, असं तुम्ही विचारलंय. पुरे नाही. नंबर सगळ्यात शेवटी बघा, कारण तोच सगळ्यात सहज रंगवता येतो.

जान्रे हा वास्तुविशारद, चंदीगड शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. १९५१ ते १९६५ तो चंदीगडमध्येच राहिला. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी त्याने आणि वास्तुविशारद युली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांनी हे सागवानी फर्निचर आखलं. ते घडवलं मात्र वेगवेगळ्या सुतारांनी. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांत पायाची जाडी, हाताचा उतार थोडा वेगळा असतोच. एखाद्या संचातल्या सहाच्या सहा खुर्च्या तंतोतंत सारख्या दिसल्या की मला उलट शंका येते.

खुर्ची उलटी करा. खरं काय ते तिथे कळतं. पॉलिश सहसा दिसणाऱ्या भागांवर असतं, आतलं लाकूड स्वतःच्या वयाने काळवंडलेलं असतं. वेत ओवायची भोकं नीट बघा: दोन-तीनदा वेत बदललेला असेल तर त्यांच्या कडा झिजलेल्या, कुठे फाटलेल्या असतात. झीजही पटली पाहिजे. हात पुढच्या टोकाशी, जिथे तळवे टेकतात तिथे गुळगुळीत होतात. पाय जमिनीला टेकतात तिथे. सगळीकडे सारखीच झीज म्हणजे पॉलिशपेपरचं काम.

मी सुरुवातीला एक खुर्ची नंबर बघूनच घेतली होती. वर्षभराने वेत बदलायला काढली, तर भोकांच्या आत लाकूड ताजं, पिवळसर. नंबराचा रंगही एका ओरखड्याच्या आत उतरलेला होता, म्हणजे ओरखडा आधीचा, नंबर नंतर रंगवलेला. ते पैसे बुडाले, त्याचं दुःख अजून आहे.

मग कागद. ही खुर्ची सरकारी मालमत्ता होती, तेव्हा ती कार्यालयातून बाहेर कशी पडली हे विचारा. भंगार म्हणून लिलाव झाले, पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी बरंच उचललं, हे खरं आहे. पण केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि परदेशी नेण्याला मनाई केली. त्याआधीच्या लिलावाची पावती नसेल तर मी हात लावणार नाही. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे हे फर्निचर त्यात बसत नाही. म्हणून व्यापारी ‘काही अडचण नाही’ म्हणतात. अडचण आहे.

घेतलीत तर घासून नवी करू नका. डाग, जुनी डागडुजी, खालचे अर्धवट पुसलेले नंबर हाच तिचा इतिहास.

व्यापाऱ्याकडून खालच्या बाजूचे आणि वेताच्या भोकांचे फोटो मागवा, दिवसाच्या उजेडात काढलेले. तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.