स्पेनमध्ये सत्ता बदलली तशी सिनेमावरची बंधनंही लगेच गेली का?

लगेच नाही. आणि बंधनं फक्त हुकूमशहा फ्रँकोचीच होती असंही नाही. दिग्दर्शक लुईस बुन्युएलचा स्पेनच्या लास उर्देस भागातल्या दारिद्र्यावरचा १९३३ चा माहितीपट तर फ्रँकोच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या सरकारनेच अडवला होता.

फ्रँकोला मात्र सिनेमाचं भलतंच वेड. त्याने टोपणनावाने लिहिलेल्या कथेवर १९४२ मध्ये ‘रासा’ आला. पुढे अमेरिकेशी जुळवून घ्यायची वेळ आली, तेव्हा १९५० मध्ये त्याच चित्रपटातले फॅसिस्ट सलाम कापून तो नव्या नावाने दाखवला. हुकूमशहाच्या स्वतःच्या कथेलाही कात्री! परदेशी चित्रपटांना १९४१ पासून स्पॅनिश डबिंग सक्तीचं होतं, त्यामुळे संवाद बदलणं सोपं. ‘मोगांबो’ या हॉलिवूडपटातलं विवाहबाह्य प्रेम लपवायला नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण आता भावा-बहिणीतच नको ते नातं दिसू लागलं.

फ्रँको १९७५ मध्ये गेला, सेन्सॉरशिप १९७७ मध्ये संपली. तरी पिलार मिरो यांच्या ‘एल क्रिमेन दे क्वेंका’चं काय झालं पाहा. सिव्हिल गार्ड या स्पेनच्या निमलष्करी पोलीस दलाने दोन निरपराध माणसांचा केलेला छळ त्यात दाखवला होता, म्हणून लोकशाहीत तो जप्त झाला आणि दिग्दर्शिकेवर लष्करी न्यायालयात कारवाई सुरू झाली. प्रदर्शन थेट १९८१ मध्ये. माझ्या मते खरं सत्तांतर इथे दिसतं, कारण १९८२ मध्ये निवडून आलेल्या फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने याच मिरोंना चित्रपट खात्याचं प्रमुख नेमलं. त्यांनी १९८३ मध्ये चित्रपटांना आगाऊ अनुदान देण्याची पद्धत आणली. तिच्यावरही वाद झालेच, पण ते पैशांचे होते.