'कम अपार्ट' आणि 'फॉल अपार्ट' यांत फरक काय?

'कम अपार्ट', 'फॉल अपार्ट' आणि 'ब्रेक अप' यांचे अर्थ शब्दकोशात जवळपास सारखेच दिलेले आहेत, मग कोणता कधी वापरावा, असे आपण विचारले आहे. शब्दकोश चुकीचा नाही; पण इंग्रजीत तक्रारींची उत्तरे लिहिणाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही, आणि यावरून माझे साहेबांशी चांगलेच वाजले होते.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये रबर चिकटवलेली इंजिन माउंटिंगे, म्हणजे इंजिनाचे हादरे झेलणारे आधार, आम्ही बनवत असू. एका लॉटमधून तक्रार आली, तेव्हा परत आलेल्या नगांत रबर एका पट्टीपासून सुटले होते. ते फाटलेले नव्हते आणि पट्टीवर रबराचा कणही उरलेला नव्हता, म्हणजे दोष रबरात नसून चिकटवण्यात होता, हे साच्यावरच्या पोरानेही सांगितले असते. मी अहवालात 'रबर हॅज कम अवे फ्रॉम द प्लेट' असे लिहिले. साहेबांना ते बाळबोध वाटले आणि त्यांनी 'द माउंटिंग हॅज फॉलन अपार्ट' असे वजनदार वाक्य घातले. इंग्लंडमधल्या ग्राहकाने साहजिकच अख्खे माउंटिंग खिळखिळे झाले असा अर्थ घेतला आणि चिकटवण्याबद्दल एक अक्षरही न विचारता रबराच्या ताणशक्तीपासून रचनेपर्यंतची सगळी कागदपत्रे मागवली. साहेबांच्या मते ग्राहक खुसपटे काढत होता. माझ्या मते त्याने लिहिले होते तेच वाचले.

'कम अपार्ट' म्हणजे भाग वेगळे झाले, एवढेच. धुण्यासाठी सुटे होणारे मिक्सरचे भांडेही 'कम्स अपार्ट', आणि त्यात दोष काहीच नाही. आपण मुद्दाम सुटे केले तर 'टेक अपार्ट'. 'फॉल अपार्ट' मध्ये मात्र वस्तू कामातून जाते आणि माणूस मनाने खचतो. (मटण इतके शिजले की हात लावताच सुटते, तेव्हा हेच शब्द कौतुकाचे होतात.) 'ब्रेक अप' नात्यांपुरते नाही: ब्रिटनमध्ये शाळेला सुट्टी लागली तरी शाळा 'ब्रेक्स अप', आणि फोनवर आवाज तुटू लागला तरी तेच. आपल्याकडचा 'सॅलरी ब्रेकअप' मात्र तिकडे 'ब्रेकडाउन' असतो, जरी गाडीच्या 'ब्रेकडाउन'मध्ये काहीच सुटे झालेले नसले तरी.

हे सारे मी ब्रिटिश ग्राहकांच्या पत्रांवरून सांगतो आहे. अमेरिकेत काही ठिकाणी फरक पडतो. बेत फसला की ब्रिटिश माणूस 'कम अनस्टक' म्हणतो, तर अमेरिकनाचे 'कम अनग्लूड' बहुधा भान सुटलेल्या माणसाबद्दल असते. आपल्याला अहवाल लिहायचे असतील, तर सुटलेला नग आधी हातात घेऊन पाहावा आणि मगच क्रियापद निवडावे. ते भारदस्त करू पाहणाऱ्या साहेबांच्या टेबलावरही तोच नग नेऊन ठेवावा.