वाचकांचे प्रश्न : पूर्ण झालेल्या महामार्गावर काम कसले?

प्रश्न : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९५ हा २०१८ मध्ये पूर्ण झाल्याचे वाचले होते. अलीकडे मुलाकडे गेलो असता त्याच रस्त्यावर ठिकठिकाणी मार्गिका बंद ठेवून काम चाललेले पाहिले. रस्ता पूर्ण झाला असेल, तर हे काम कसले?

उत्तर : २०१८ मध्ये पूर्ण झाली ती या रस्त्याची सलगता. मायामीपासून मेन राज्यातील हूल्टनपर्यंत १५ राज्यांतून जाणाऱ्या, सुमारे ३,००० किलोमीटरच्या या मार्गाचा न्यू जर्सीतील एक तुकडा स्थानिक विरोधामुळे रद्द झाला होता आणि उत्तरेकडे निघालेल्या वाहनचालकाला मध्येच महामार्गाचा क्रमांक बदललेला दिसे. २२ सप्टेंबर २०१८ रोजी पेनसिल्व्हेनियात ब्रिस्टलजवळ जोडरस्ते खुले झाले आणि ही फट बुजली.

बाकीचा रस्ता तोवर म्हातारा झाला होता. आंतरराज्य महामार्गांसाठीच्या २९ जून १९५६ च्या कायद्याने बांधणीच्या खर्चातील ९० टक्के वाटा संघराज्य सरकारने उचलला. मालकी व देखभाल मात्र राज्यांकडेच राहिली. कनेक्टिकटसारख्या ठिकाणी तर राज्याने आधीच हाती घेतलेल्या टोलरस्त्याला हा क्रमांक देण्यात आला. त्याच रस्त्यावरील, १९५८ मध्ये खुल्या झालेल्या मायनस नदीच्या पुलाचा सुमारे ३० मीटरचा गाळा २८ जून १९८३ च्या पहाटे खाली कोसळला आणि तिघांचा मृत्यू झाला. हा गाळा कोपऱ्यांवर पोलादी पट्ट्या व खिळींच्या आधाराने लोंबता ठेवलेला होता. पुलाच्या डागडुजीत पाणी वाहून नेणारी तोंडे डांबराखाली बुजली गेली होती. ते पाणी सांध्यांत मुरून गंज चढला, फुगलेल्या गंजाने पट्टी खिळीवरून सरकवली आणि पाहणी करणाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. सांधे उघडून तपासणे, पृष्ठभाग खरवडून पुन्हा घालणे, निचऱ्याची तोंडे मोकळी करणे ही कामे वरवर किरकोळ वाटतात. माझ्या मते तीच खरी कामे होत.

दुसरे कारण वाहतुकीचे. वॉशिंग्टनजवळचा वुड्रो विल्सन पूल १९६१ मध्ये दिवसाला ७५,००० वाहने गृहीत धरून बांधला गेला. पुढे शहरातून जाणारा नियोजित भाग रद्द झाल्याने दूरची वाहतूकही वळसा घेऊन या पुलावर आली आणि शतकाअखेरीस वाहनांची संख्या दोन लाखांच्या घरात पोहोचली. अखेर २००६ व २००८ मध्ये शेजारी दोन नवे पूल उभारून जुना पाडावा लागला.

अपघातांची कामे वेगळीच. ११ जून २०२३ रोजी फिलाडेल्फियात पेट्रोलचा टँकर पुलाखाली उलटून पेटला. त्या आगीत पोलादी तुळयांची ताकद गेली आणि रस्ता खचला. तेथे पुनर्वापर केलेल्या काचेच्या, फेसासारख्या हलक्या खड्यांचा भराव घालण्यात आला. पावसाने खोळंबा होऊ लागला, तेव्हा मोटार शर्यतींची धावपट्टी वाळवणारे जेट यंत्र आणून पृष्ठभाग सुकवण्यात आला. रस्ता बारा दिवसांत सुरू झाला. कायमचा पूल मात्र त्यानंतर, मधून वाहने जात असतानाच, भरावाच्या दोन्ही बाजूंनी बांधायला घेण्यात आला.