डोळ्यांच्या हालचालींच्या उपचाराने चिंता कमी होते का? घरी करून पाहावा का?

आपण लिहिले आहे की गेले काही महिने छातीत धडधड होते, रात्री मध्येच जाग येते, आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारा ठिपका डोळ्यांनी टिपत राहिल्यास चिंता ओसरते असे कोणीतरी सांगितल्यामुळे तो व्हिडिओ लावून पाहावा का, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. हा उपचार मी स्वतः घेतला आहे, एकदा चुकीच्या पद्धतीने आणि एकदा नीट, त्यामुळे त्यातला फरक मला सांगता येईल.

या उपचाराचे नाव ईएमडीआर, म्हणजे आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये एका बागेत फिरताना असे जाणवले की त्रासदायक विचार मनात असताना डोळे इकडून तिकडे हलले की त्या विचाराची धार कमी होते. या निरीक्षणावरून त्यांनी पद्धत बसवली आणि १९८९ मध्ये आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. तो अभ्यास ज्यांच्यावर केला ती माणसे मात्र सर्वसाधारण काळजीने त्रासलेली नव्हती, तर अत्याचार किंवा युद्धासारख्या भयंकर आठवणींनी पछाडलेली होती, आणि हा फरक आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

माझ्या बाबतीत आठवण होती ती कसारा घाटातली. पावसाळ्यात रात्री आमच्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली. कोणाला मोठी इजा झाली नाही, पण त्यानंतर मागे ट्रकचा हॉर्न वाजला की माझे तळहात घामाने ओले होत, आणि पुढे पुढे तर नाशिकमधल्या नाशिकमध्ये रिक्षात बसतानाही पोटात गोळा येऊ लागला. घरचे म्हणत, देवाने वाचवले, आता विसरा. विसरता येत नव्हते हीच तर अडचण होती.

पहिल्यांदा मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी ओळख झाल्यावर पंधरा मिनिटांत अपघात डोळ्यांसमोर आणायला सांगितला आणि चेहऱ्यासमोर बोट फिरवायला सुरुवात केली. तासाभराने मी थरथरत बाहेर पडलो आणि पुढच्या तीन रात्री मला झोप लागली नाही. नंतर एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो, तर त्यांनी पहिल्या तीन भेटींत बोट उचललेदेखील नाही. त्यांनी पूर्वेतिहास विचारला, धडधडीमागे थायरॉइड नाही ना हे तपासून घ्यायला लावले, मी चहा किती वेळा पितो तेही विचारले (उत्तर देताना मला लाज वाटली), आणि मन फार उसळले तर परत येता यावे म्हणून एक शांत जागा ठरवून घेतली. माझी जागा होती गंगापूर धरणाच्या काठावरची सकाळ. या उपचाराचे एकूण आठ टप्पे असतात आणि डोळ्यांची हालचाल त्यांतल्या चौथ्या टप्प्यात सुरू होते, हे मला तेव्हा कळले.

चौथ्या भेटीत त्यांनी विचारले की त्या रात्रीचे सर्वांत नकोसे चित्र कोणते. मला वाटत होते की मी धडकेचा क्षण सांगेन, पण तोंडून आले ते आरशात मोठे मोठे होत गेलेले दोन दिवे. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल काय वाटते, याचे उत्तर होते, ‘मी काहीच करू शकलो नाही’. त्रास शून्य ते दहा या मापावर आठ होता आणि शरीरात तो गळ्याशी जाणवत होता. मग सुमारे अर्धा मिनिट त्यांच्या बोटामागे डोळे फिरवायचे, थांबायचे, श्वास सोडायचा, आणि मनात जे आले असेल ते एका वाक्यात सांगायचे. त्या त्यावर भाष्य करत नसत, ‘बरं, तिथूनच पुढे’ एवढेच म्हणत. तिसऱ्या की चौथ्या फेरीत माझ्या लक्षात आले की मागच्या सीटवर मुलगी झोपली होती आणि ते दिवे दिसले तेव्हा मी वळून तिच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. आकडा आठावरून नऊवर गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्रास उतरण्याआधी चढू शकतो, आणि त्या वेळी समोर जाणते माणूस नसेल तर आपण तिथेच अडकून पडतो. पुढच्या सहा भेटींत आकडा एकवर आला. ते दिवे मला अजून दिसतात, पण आता ते आरशातच राहतात, अंगावर येत नाहीत.

हे कशामुळे होते यावर तज्ज्ञांत एकमत नाही. बऱ्याच जणांना पटणारे स्पष्टीकरण असे की आठवण मनासमोर धरून ठेवणे आणि हलते बोट टिपणे या दोन्हींना एकाच वेळी पुरेल एवढी जागा आपल्या तात्पुरत्या स्मृतीत नसते, त्यामुळे आठवण फिकी होते आणि फिकी झालेलीच परत साठवली जाते. डोळ्यांऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने टिचक्या मारूनही काही थेरपिस्ट हेच काम करतात. दुसरीकडे असेही आक्षेपक आहेत की ज्यांच्या मते खरा गुण भीतीला सुरक्षितपणे सामोरे जाण्याचा आहे आणि डोळे फिरवणे ही केवळ सजावट आहे. २००१ मध्ये अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणाने त्यांची बाजू उचलून धरली, तर २०१३ मधील दुसऱ्याने हालचालींचा वेगळा फायदा दिसतो असे म्हटले. वाद काहीही असो, आघातोत्तर तणावविकारासाठी (पीटीएसडी, म्हणजे भयंकर घटनेनंतर मागे राहणारा मानसिक त्रास) जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या उपचाराची शिफारस केली आहे.

आता आपल्या चिंतेविषयी. ती एखाद्या घटनेनंतर सुरू झाली असेल, म्हणजे अपघात, आजारपण, कोणाचा अचानक मृत्यू, किंवा भर बाजारात आलेला पहिला पॅनिक अटॅक, तर ईएमडीआरचा विचार जरूर करावा. पण नोकरी, पैसा, मुलांचे शिक्षण अशी एकीतून दुसरी निघणारी काळजी असेल, तर पकडायला एक ठरावीक आठवणच नसते. तिथे सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे यांना अधिक भक्कम पुरावा आहे, आणि ती वाट आधी धरणे मला शहाणपणाचे वाटते.

व्हिडिओतला ठिपका पाहून थोडा वेळ शांत वाटू शकते, त्यात वाईट काही नाही. मात्र नकोशी आठवण मुद्दाम जागी करून एकट्याने तो लावू नये. फिट येण्याचा किंवा डोळ्यांचा त्रास असेल, अथवा आपण आपल्यापासून तुटलो आहोत असे अधूनमधून वाटत असेल, तर हे आधी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सुरुवातीला फॅमिली डॉक्टरांकडून धडधडीची तपासणी करून घ्या. कोणाकडे जावे हे सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. थेरपिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का आणि ईएमडीआरचे प्रशिक्षण कोठे घेतले, हे निःसंकोच विचारा, आणि सोबत हेही विचारा की हालचाली सुरू करण्याआधी किती भेटी घेता. उत्तर ‘आजच सुरू करू’ असे आले, तर मी तरी तिथून उठेन.